राक्षसिणीला खोबरेल लागतं

बाबा, मी सध्या दर रविवारी सकाळी दहा ते एक राक्षसीण असते. तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे मला. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली तरी तुमचा चेहरा आत्ता कसा होईल ते मी इथे बसून सांगू शकते. भुवया वर, ओठ आत, आणि मग "बरं, बरं" म्हणत चष्मा पुसायला घ्यायचा. पण आधी ऐकून घ्या. शेवटी मला तुमच्याकडे एक गोष्ट कबूल करायची आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागणार आहे.

खेळ आहे हो तो. टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि पुढे काय होईल ते ठरेना की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमची गोष्ट सांगते माझ्या ऑफिसातली एक मुलगी. मूळची अकोल्याची, हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये माझ्या शेजारी बसते. त्या ट्रॅफिकमध्ये माणूस एकतर झोपतो नाहीतर मैत्री करतो, आणि तिला झोप येत नाही. "ताई, एकदा येऊन तर पाहा न," असं सहा महिने म्हणून तिनं मला ओढत नेलंच. आम्ही तिला सूत्रधार म्हणतो. खेळ होतो एका निवृत्त बँक मॅनेजर काकांकडे, कारण जेवणाचं मोठं टेबल फक्त त्यांच्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्यांनी दारातच सांगितलं, "चहा मिळेल. कौतुक मिळणार नाही. चपला रांगेत." जन्मभर लोकांच्या तिजोऱ्या सांभाळून हे काका खेळात चोर झालेत, आणि काय आनंदानं चोऱ्या करतात म्हणून सांगू! तिसरा गडी लोणी काळभोरचा, रोपांची नर्सरी आहे त्याची. अंगानं पैलवान, म्हणून हौसेनं मांत्रिक झालाय. आणि मी वैदीण. जखमा बांधते, काढे देते. खोऱ्यातली गावंच्या गावं घाबरवून उठवणारी एक राक्षसीण आहे, तिला शोधून मारायला आम्ही तिघं निघालो आहोत.

तर बाबा, वैदीण हे सोंग आहे. ती राक्षसीण मीच. हे फक्त सूत्रधाराला ठाऊक होतं. आठ महिने मी त्या दोघांबरोबर मलाच शोधत हिंडत होते, त्यांच्या जखमा बांधत होते (मांत्रिकाचा खांदा अस्वलानं फाडला तेव्हाही मीच), आणि घरी येऊन एकटीच हसत होते.

हे पात्र का घेतलं, असं सूत्रधारानं विचारलं होतं. मी म्हटलं, सहज. सहज कसलं! मला तुमचा बुधवार पेठेतला रंगभूषेचा खोलीवजा गाळा आठवत होता. भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या दाढ्या, पुठ्ठ्याचे मुकुट, कोपऱ्यात गदांची मोळी, आणि सगळ्यावर तो पावडरीचा, घामाचा, खोबरेलाचा वास. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. गॅदरिंगच्या दिवसांत तुम्ही अख्ख्या शाळा रंगवायचात. पोरांची रांग लागलेली असायची, आणि तुम्ही एका हातात हनुवटी, दुसऱ्यात स्पंज, तोंडानं एकच जप: "हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस."

मी तो जप रोज ऐकला, गॅदरिंग नसतानाही. अकरा वर्षांची होते, ओठाच्या कोपऱ्याशी पहिला पांढरा ठिपका आला. मग हनुवटीवर, मग डाव्या डोळ्याभोवती. डॉक्टर म्हणाले कोड आहे, कुणाला लागत नाही, दुखत नाही, काळजी करू नका. तुम्ही मान डोलावलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वयंपाकघरात माझा रंगपट सुरू झाला. आई पोळ्या लाटते आहे, तवा तापलाय, मी ओट्याशेजारच्या स्टुलावर, आणि तुम्ही माझी हनुवटी धरून तीन रंग तळहातावर घोटताय. दहा मिनिटांत ठिपके गायब. अहो, काय हात होता तुमचा! शाळेत चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. खेळाच्या तासाला मला घाम यायची भीती वाटायची, एवढंच. मी धावायचंच सोडून दिलं.

सहावीच्या गॅदरिंगला बाईंनी मला नाटकात राक्षसीण केलं. आठवतंय? मला केवढा आनंद झाला होता! सकाळी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "बाबा, आज रंग नको ना. राक्षसीणच आहे, डाग दिसले तर उलट बरंच." तुम्ही स्पंज खाली ठेवलात. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत, पण त्या दिवशी असे ओरडलात की आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "खबरदार! माझ्या मुलीला राक्षसीण कुणी म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही." आणि मग त्याच हातांनी मला गळ्यापर्यंत हिरवी रंगवलीत, भुवया कपाळावर चढवल्यात, सुळे काढलेत. मला हसावं की रडावं कळेना. पण स्टेजवर गेले, आणि बाबा, तसा दिवस पुन्हा आला नाही. सगळेच रंगलेले. माझ्याकडे बघणारा प्रत्येक जण राक्षसिणीकडे बघत होता. मी धावले, किंचाळले, घामानं निथळले. घरी आल्यावर तुम्ही खोबरेल चोळून जुन्या धोतराच्या तुकड्यानं हिरवा रंग काढलात, साबण लावलात, आणि तोंड कोरडं व्हायच्या आत पुन्हा तळहातावर तीन रंग घोटायला घेतलेत, कारण शेजारच्या काकू नाटकाचं कौतुक करायला येणार होत्या.

राग आहे मला तुमच्यावर. कधी बोलले नाही, आज बोलते. तुमची माया कुणी नाकारत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला तो पत्र्याचा डबा दिलात, आत तीन डब्या, वर चिकटपट्टी लावून तुमच्या अक्षरात लिहिलेलं: हिवाळा, उन्हाळा, समारंभ. लोक मुलीला घड्याळ देतात, साडी देतात. मी बसस्टॉपवर तो डबा छातीशी धरून रडले, आणि रंग ओघळेल म्हणून लगेच थांबले. पुढे मी 'समारंभ' लावला आणि एक स्थळ बघून गेलं, दुसऱ्याला मी आधीच खरं सांगितलं, आणि तिसरं आलंच नाही. ते असो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की बेचाळीस वर्षांची झाले, डब्यांत रंग मीच भरू लागले, तरी दूधवाल्याला दार उघडण्याआधी माझा हात त्या डब्याकडे जायचा.

तर आता धबधब्याचं सांगते. तीन रविवारांपूर्वी आमची गोष्ट एका धबधब्यापाशी आली. सूत्रधार आवाज खोल करून म्हणाली, "पलीकडे राक्षसिणीची गुहा आहे. या पाण्याखालून जो जाईल त्याचं खोटं रूप धुऊन निघेल." खरं तर मी गप्प बसायचं, घाबरायचं, काहीतरी बहाणा काढायचा. एवढी आठ महिन्यांची मेहनत! आणि मी काय केलं असेल? फस्सकन हसले. "ह्या! पाण्यानं कुठं निघतंय? पाण्यानं नुसते ओघळ येतात. आधी खोबरेल चोळायचं, मग जुनं मऊ कापड, मग साबण."

सूत्रधारानं कपाळाला हात लावला. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वैदीणबाई, तुम्हाला या विषयाची बरीच माहिती दिसते."

लोणीचा गडी हातातला फासा टाकायचा विसरला. "आयला! म्हंजे ती तुमीच हाय व्हय, ताई?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

"मंग आट म्हैनं आमच्या जखमा कशापायी बांधल्या?"

"बांधाव्याशा वाटल्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज असा काही फुटला की तो खेळातला राहिला नाही. काका उठून चहा टाकायला गेले. तिथूनच, पाठ वळवून, त्यांनी विचारलं, "पण खोबरेलाचं कुठं शिकलात?" मी म्हटलं, माझे बाबा रंगभूषाकार होते. "बरं. मग तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करायचात?" नाही, म्हटलं, माझ्याच तोंडावर शिकले. आणि मग सगळं सांगितलं. ठिपका, स्टूल, डबा, दूधवाला. चहा उकळून उकळून काळा झाला. कुणी "अरेरे" म्हटलं नाही. अकोल्याची पोरगी तेवढी म्हणाली, "काहून सांगितलं नाही वं ताई? आपण बसमध्ये रोज दोन तास बोलतो न." निघताना काका दारात म्हणाले, "पुढच्या रविवारी काय होऊन यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. उशीर मात्र नको."

पुढचा रविवार मी चुकवला. डोकं दुखतं म्हणून कळवलं. दुखत नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी स्टुलावर बसले (ते स्टूल अजून आहे), 'उन्हाळा' उघडला, बोट बुडवलं, आणि पुसून टाकलं. मग स्कूटरवर बसताना पुण्यातल्या तमाम बायका बांधतात तसा स्कार्फ बांधला, फक्त डोळे उघडे. सिग्नलला शेजारी तशाच दहा जणी उभ्या होत्या. तिथपर्यंत मी फार शूर होते. काकांच्या पार्किंगमध्ये आले आणि गाठ सुटेना. शेवटी स्कार्फ डोक्यावरून ओढूनच काढला, बाबा. वॉचमननं पंखा पुसायचा थांबवून एकदा पाहिलं आणि परत पंखा पुसायला लागला. मी जिना चढले.

काकांनी दार उघडलं. पूर्ण एक श्वासभर माझ्याकडे बघितलं, नजर चुकवली नाही. "दहा मिनिटं उशीर," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

आणि मग खेळलो. सूत्रधारानं परत धबधबा ऐकवला. मी म्हटलं, मी जाते. गेले. बाहेर आले ती हिरवी, सुळेवाली, दहा हात उंच. आता मांत्रिकाची पाळी. आठ महिने ज्या मंत्रासाठी त्यानं जिवापाड धडपड केली तो मला मारायचाच मंत्र होता. फासा त्याच्या हातात. मी खेळातल्या मरणाला घाबरले होते, खरंच. त्यानं फासा खाली ठेवला, शर्टाची बाही वर केली आणि खांदा माझ्यापुढे केला. "त्या आस्वलाची जखम आजून भरली न्हाई," तो म्हणाला. "बांधा की, ताई."

मी बांधली, बाबा. काकांच्या घरातल्या हातरुमालानं, खरीखुरी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या डब्यात ठेवीन, 'समारंभ'च्या खाली. डबा टाकून दिलेला नाही, देणारही नाही. सोमवारी ऑफिसला लावलाच होता रंग, मंगळवारी नव्हता, बुधवारी अर्धाच लावला. जमेल हळूहळू. आता ती कबुली. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, दुपारी तुम्ही माझी हनुवटी धरलीत आणि म्हणालात, "एकदा तोंड धुऊन ये ग. बघू दे." मला वाटलं, तुम्हाला डाग किती वाढलेत ते बघायचंय, रंग चुकलाय म्हणायचंय. की नुसतं मला बघायचं होतं? मी म्हटलं, सलाईन संपत आलंय, सिस्टरना बोलावते, आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, हिला ऐकू आलं नाही.

आलं होतं, बाबा. आत्ता धुऊन बसलेय. बघा.