जीपच्या टाकीतला फ्लोट

दादा, तुमच्या जीपच्या टाकीला दुसरा फ्लोट बसवला. डिझेलचा काटा चालू झाला. तुम्हाला हे कळवायची खरं तर काही गरज नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पितृपक्षात तुमचं पान वाढायचाही घरात आता कंटाळा येतो. पण ही बातमी ऐकून जगात कोणाला झोंबणार असेल तर ती तुम्हालाच, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या हयातीत तो काटा हललेला मी कधी पाहिला नाही. शून्याला टेकून पडलेला असायचा आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचाही नाहीत. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे तुम्ही सदान्‌कदा तिच्यावर बसलेले. घरातल्या कोणाला कुठे जायचं असलं की आधी तुम्ही खाली उतरायचात, सीट उचलायचात, टाकीचं झाकण काढायचात आणि गोठ्यामागच्या ढिगातली एक तुराटी आत घालायचात. तुरीची ती वाळकी काडी बाहेर आली की तिच्यावर एक नजर टाकायची आणि लगेच खांद्यावरच्या पंच्याने पुसून टाकायची, किती ओली झाली ते दुसऱ्या कोणाला दिसायच्या आत. मग निकाल. "जाऊ", नाहीतर "न्हाई पुरायचं". त्या सीटला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. आईच्या माहेरी लग्न असलं की न्हाई पुरायचं. मावशी आजारी असली की उद्या बघू. आणि गावात कोणाची बाई अडली, कोणाला साप चावला, की काडी न घालताच गाडी मंठ्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागलेली असायची. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. अजून म्हणतात. मी गावाकडे गेले की दादांची लेक म्हणून ओट्यावर बसवून चहा पाजतात, आणि मी तो पिते, कारण चहाने माझं काही वाकडं केलेलं नाही.

डी.एड.च्या प्रवेशाची मुलाखत जालन्याला होती. तुम्ही आदल्या दिवशी जेवताना म्हणालात, "एस्टीनं कशाला जाती? मी सोडतो ना सकाळी." मी बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं पिशवीत घालून ठेवलेलं. सकाळी वेणी घालून ओट्यावर उभी आहे. जालन्याची एकुलती एस.टी. समोरून धूळ उडवत जाते, कंडक्टर हात करतो, मी मानेनेच नाही म्हणते. तुम्ही दात घासताय. नंतर चहा पिताय. गुरांना पाणी दाखवून येताय. आणि एस.टी. मंठ्याला पोचली असेल इतका वेळ गेल्यावर सीट उचलताय, तुराटी घालताय, काढताय, पुसताय. "न्हाई पुरायचं. वाटंत बंद पडली तं पोरीला घिऊन रस्त्यावर उभा राहू का?" मी रडायला लागले तेव्हा तुम्ही पंचा झटकून खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "डोळ्यात पाणी कायला आणती? मास्तरीण व्हऊन कोन्ते दिवे लावणार व्हती?" आई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मंठ्याला जाऊन आलात. जीपनेच. डिझेल कुठून आलं म्हणून कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलंत की कोणाच्या तरी ड्रममधून थोडं मागून घेतलं. येताना माझ्यासाठी ड्रेसचं कापड आणलंत, जांभळ्या रंगाचं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. मला ते फेकून द्यायचं होतं. पण मी ते शिवून घेतलं आणि विरेपर्यंत वापरलं, कारण मला दुसरे चांगले कपडे नव्हते आणि जांभळा रंग मला शोभतो. हेही तुम्हाला माहीत असणार. माणसाला नक्की कुठे धरायचं हे तुम्हाला फार चांगलं कळायचं.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, जालन्याला आले. तुमचे जावई नोकरीवाले, सरळ माणूस, पण मोजकंच बोलणारा. मी अंगणवाडीत लागले. पोरं मला बाई म्हणतात, पोरांच्या आया मॅडम म्हणतात, पगार मात्र मास्तरणीचा नाही. तुम्ही गेल्यावर जीप गोठ्यात उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. भावाने ती भंगारात द्यायची ठरवली तेव्हा मी म्हटलं, मला दे. तो हसला. म्हणाला, "तू काय करती तिचं? दादांची आठवण म्हणून ठिवती का?" मी हो म्हटलं. आठवणच होती ती, फक्त त्याला वाटली तसली नाही. आईलाही त्याच वेळी माझ्याकडे घेऊन आले. चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले होते, तिथे सगळी कॉलेजची पोरं आणि मधे मी, पदर खोचून. आता तुमच्यापेक्षा बरी चालवते. तुम्ही गिअर टाकताना खर्र असा आवाज यायचा, माझ्या हातून येत नाही.

गॅरेजवाल्याने इंजिन सुरू करून दिलं, ब्रेक केले, वायरिंग बदललं. काट्याचं विचारलं तर म्हणाला, "ताई, त्येचा खर्चा कायला करून राह्यल्या? काडी घालायची. माह्या बापानं जिंदगीभर काडीवरच गाडी चालवली." मी म्हटलं, "तुझा बाप काडी पुसून टाकायचा का?" त्याला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून त्याने निमूट सीट उचलली. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात एकच होतं. आतली तार तोडलेली निघावी. तुम्ही स्वतःच्या हाताने तोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली निघावी, म्हणजे मला ती उचलून सगळ्या गावाला दाखवता आली असती. गॅरेजवाल्याने स्क्रू काढले आणि फ्लोट बाहेर ओढला. एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला पोकळ पितळी डबी. डिझेल वाढलं की डबी तरंगत वर येते, कमी झालं की खाली जाते, आणि समोर काटा तसा हलतो. त्याने डबी कानाशी हलवली. आत खळखळ वाजलं. "भोक पडलं व्हतं हिला," तो म्हणाला, "डिझल भरलं न बुडून बसली. तार बराबर हाये." म्हणजे तुम्ही तार तोडली नव्हती. काटा खरंच बिघडला होता, आणि तुम्ही फक्त दुरुस्त केला नाहीत. मला जरा वाईटच वाटलं, दादा, तुमचा एक गुन्हा कमी भरला म्हणून.

मग फ्लोट शोधायला लागले. इतक्या जुन्या जीपचं सामान आता कोण ठेवतो? डबीला कथलाचा डाग देऊन पाहिला तर ती दुसरीकडून गळायला लागली. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींमागे एक स्पेअरवाला आहे, त्याने वरच्या फळीवरून खोका काढला, फुंकर मारली. "मॅडम, बिलकुल बराबर बसतो. जल्दी घिऊन जा, एकच हाये." बसला खरा. पण टाकी भरली की काटा शून्याला आणि रिकामी होत आली की वर. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा होता. परत घेऊन गेले तर तो खो खो हसला. म्हणाला, "तेवढंच ना? उल्टा वाचायचा. भरली म्हंजे खाली समजायचं. चार दिसात आदत पडती." मी त्याच्या गल्ल्यावर तो फ्लोट आदळला. भरलेलं असून रिकामं समजून जगायची सवय मला आधीच लावलेली आहे, आता नव्याने कशाला लावून घेऊ? त्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने पुटपुटत पैसे परत दिले. तुमच्यासमोर असं काही आदळायची माझी हिंमत झाली नव्हती, ते सगळं बिचाऱ्याच्या वाट्याला आलं.

शेवटी गॅरेजवाल्यालाच आठवलं की चतुर्थीला राजूरच्या गणपतीला सवाऱ्या भरून नेणाऱ्या जुन्या जीपा मोडून एकाने तिथेच सामान साठवून ठेवलंय. मी नेमकी चतुर्थीलाच गेले. देवळापासून रस्त्यापर्यंत माणसंच माणसं, मी सगळ्यांच्या उलट दिशेने धक्के खात त्या पत्र्याच्या शेडपाशी पोचले. शेडवाला तुमच्याच वयाचा होता, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या वयाचा, आणि तुमच्यासारखाच माझ्या डोक्यावरून मागे बघत बोलत होता. "गाडीचे मालक कुठं हायेत?" "मीच मालक," मी म्हटलं. "फ्लोट कायला पाहिजे? बाईमाणसाला त्यातलं काय समजतं?" मी तिथे टायरवर बसून घेतलं. म्हटलं, देईपर्यंत उठणार नाही. गिऱ्हाइकं यायला लागली, बघायला लागली, तशी त्याला लाज वाटली की वैताग आला कोण जाणे, त्याने आतून एक डबा आणून पालथा केला. त्यात होता. काळा पडलेला, पण डबी शाबूत. मी कानाशी हलवून बघितली. "सरळ चालेल ना?" "त्याच गाडीचा हाये तं सरळच चालणार," तो खेकसला. दर्शन न घेताच परत आले. गणपतीने मनाला लावून घेतलं नसावं.

आता मुद्द्याचं. फ्लोट बसल्यावर मी आईला म्हटलं, चल, गावाकडे जाऊन येऊ, जीपने. तिने हिरवं लुगडं नेसलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तुमच्या काळात ती कायम मागे बसायची, पुढची सीट येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. मंठ्याच्या रस्त्याला लागायच्या आधी पंपावर गेलो. मी उतरून सीट उचलली, टाकी भरून घेतली, परत बसले आणि किल्ली फिरवली. काटा शून्यावरून उठला आणि सावकाश चढत पार टोकाला गेला. आई बघत होती. एवढ्या वर्षांत तिने त्या काचेकडे कधी पाहिलंच नसेल.

"ह्यो काय दावतो?"

"टाकीत किती डिझेल आहे ते. भरली की इथे येतो."

मग तिने वाकून त्या काचेवर बोट ठेवलं, जिथे काटा थांबला होता तिथे.

"मंग त्या दिशी ह्यो इथंच आसता."

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुह्या त्या जालन्याच्या दिशी. आदल्या सांजच्याला त्येन्ला नरसाळं मीच धरलं व्हतं. अख्खा डबा वतला. वर येऊस्तोर."

पाठीमागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हटलं, "आणि तू गप बसलीस?"

"बसले."

"का?"

तिने पदर सारखा केला. आवाज चढवला नाही, रडली नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "तू गेली आसती तं घरात माह्याशी बोलणारं कोण व्हतं? ते बोलायचे का? मला वाटलं, अजून एक वरीस ऱ्हाऊ दे पोरगी. मंग तं तुहं लगीनच झालं."

पंपावरच्या माणसाने गाडी पुढे घ्यायला सांगितली. मी घेतली. मंठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, आई बाहेर बघत होती, आणि मी स्टिअरिंग दाबून धरून मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते. एकाहून एक. तुमच्याकडूनच शिकलेल्या. मंठ्याला तिने केळी मागितली. मी उतरून घेतली, एक सोलून तिच्या हातात दिलं. तिने अर्धं मोडून मला दिलं आणि मी खाल्लं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आणि घरातही ठेवायची सोय नाही, आई अडखळत का होईना वाचते. फाडून टाकावं लागेल. फाडायच्या आधी एक कबूल करते. त्या रस्त्यावर तुम्हाला घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या तिच्या होत्या. पण ती ऐंशीच्या पुढची झाली, माझ्या खोलीत झोपते, सकाळी मी उठायच्या आत माझ्यासाठी चहाचं आधण ठेवते. तिच्याशी भांडले तर आम्हा दोघींना बोलायला उरलंय कोण? तुम्ही मेलेले आहात, तुम्हाला कितीही घातल्या तरी सोसतं. म्हणून तिच्या वाटच्याही तुमच्याच नावावर घातल्या. हा तुमच्यावर अन्याय आहे, दादा, हे मला कळतं. आणि ती असेपर्यंत मी तो करत राहणार आहे.