गोधडीचं माहेरपण

वसमत,
डिसेंबरातली सकाळ

प्रिय मकबूल,

सलाम. फोनवर तू म्हणालास, "शिवशंकर, हैदराबादेत थंडीच न्हाई म्हणतात लोक, पन मला लई वाजून राहिली. मदीनाची गोधडी थोडे दिवस माहेरपणाला पाठव ना." मी "बघतो" म्हणालो आणि घाईनं फोन ठेवला. तेव्हापासून संग्रहालयात खेपा घालतो आहे. त्याचंच लिहायचं आहे, पण मला सरळ सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. वर्गातसुद्धा कवितेचा अर्थ सांगण्याआधी मी पोरांना ती चालीवर म्हणायला लावायचो आणि अर्थाची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची.

आपलं चित्रघर तुझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या एका कपाटात सुरू झालं. बैलांच्या झुली, ताबुतांची कागदी जाळी, न्हाव्याच्या दुकानावरची रंगीत पाटी, असलं काहीबाही तू आणायचास. रविवारी एसटीनं पार पुसेगावपर्यंत जायचो आपण. बाया दारातून हसायच्या, "हे मास्तर भंगार गोळा करून राहिले, वर च्या बी मागून राहिले!" कपाट पुरेना तेव्हा शेठजींनी हळदीचं रिकामं गोदाम दिलं. काय वास होता त्या भिंतींना! चौकटी कितीही पुसल्या तरी दुपारपर्यंत त्यांवर पिवळी धूळ बसायची. तू म्हणायचास, "बसू दे, आपली चित्रं नवरीसारखी दिसतात." प्रत्येक वस्तूखाली मी दोन ओळींची ओवी लिहायचो. वृत्तात बसेना तर तू वस्तूच बदल म्हणायचास.

आणि तो वसराम आठवतो? तांड्यावरून आला होता. त्याच्या आईची आरशांची ओढणी आपल्याकडे होती आणि लेकीच्या लग्नात ती लेकीच्या डोक्यावर असावी, एवढंच त्याचं म्हणणं. तू ऐकेनास. "संग्रहालयाला देली म्हंजे लेक सासरी देली. आता बघायला ये, न्यायला न्हाई," असं ठणकावलंस. वसराम काही कच्चा नव्हता. म्हणाला, "आन मास्तर, तुमच्यात लेक माहेरपणाला येत न्हाई का? का सासर लई खाष्ट हाय?" तू डोळे वटारलेस आणि मग असा हसलास की हातातला ब्रश खाली पडला. "बराबर बोल्या रे तू," म्हणून ओढणी काढून दिलीस. लग्न झालं आणि ओढणी परत आली, तिच्यासोबत लाडूही. तिथून ती रीतच पडली. कुणाच्या सणाला झूल, कुणाच्या बारशाला दुपटं, माहेरी जायचं आणि परत यायचं. एखादी वस्तू जरा मळून यायची. तू म्हणायचास, माहेरी कामाला लावली असेल.

आता ते चित्रघर राहिलं नाही. नवे विश्वस्त आले, अनुदान आलं. वर्षभर गोदामाला पत्रे ठोकून आत काम चाललं. भिंती खरवडून पांढऱ्या केल्या, गारव्याची यंत्रं बसवली. नावही बदललं, आता त्याला 'रंगवसा' म्हणतात. उद्घाटनाला मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी आत गेलो, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. हळदीचा वास गेला होता, मकबूल. ओव्याही गेल्या. त्यांच्या जागी छोट्या पाट्या आहेत, माहिती अगदी शुद्ध. वाईट केलं असं मी म्हणणार नाही. परवा कनेरगाव नाक्याच्या शाळेची पोरं बसनं आली होती आणि तू काढलेल्या तैलचित्रापुढे गप्प उभी राहिली. आपल्या वेळी कोण गप्प उभं राहायचं?

मदीनाभाभींच्या गोधडीला सगळ्यात मोठी काच मिळाली आहे. भाभी गेल्यावर घर बंद करून लेकीकडे, आफिफाकडे निघालास, तेव्हा तू ती माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "घरात कोनी न्हाई, इथं हिला लोक तरी बघतील." लोक बघतात. तुझे रंगाचे डाग पडलेले सदरे, आफिफाचे परकर, सगळं ओळखू येतं. गोधडीच्या कोपऱ्यातलं फूलच त्यांनी संग्रहालयाचं चिन्ह केलं आहे. पिशव्यांवर, कपांवर, बसस्टँडवरच्या फलकावर भाभींचं फूल आहे. खाली नावही लिहिलं आहे, मदीनाबी. मी नावावरून बोट फिरवलं, तर पहारेकरी म्हणाला, "बाबा, काचेला हात नगा लावू."

तिथं प्रियदर्शनी म्हणून संग्रहपाल आहे, गुणी पोरगी. तिला मी माहेरपणाची रीत समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकलं, विश्वस्तांकडे शब्दही टाकला. मग मला बाहेर बाकावर बसवून म्हणाली, "सर, कापड जीर्ण झालंय. घडी घातली तर जागोजागी फाटेल. आणि आता नियमानं कुठलीच वस्तू घरी देता येत नाही." तिचे डोळे भरले होते. तिचं खोटं नव्हतं, म्हणून मला भांडताही आलं नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल आफिफाचा फोन आला. तुझी तगमग बघवेना म्हणून तिनं बाजारातून तशीच दिसणारी एक गोधडी आणली, जुनी वाटावी म्हणून पुन्हा पुन्हा धुतली आणि वसमतहून आली म्हणून तुझ्या अंगावर घातली. तू कडेवरून बोटं फिरवलीस आणि म्हणालास, "ही मदीनाची न्हाई." तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, अब्बांचं डोकं चालेनासं झालं. ती मला म्हणाली, "काका, दोन ओळी लिहा ना, की तुम्हीच पाठवली. तुमचं मानतील ते." तिच्यावर रागावू नको, मायेपोटीच केलं लेकरानं. मी त्या दोन ओळी लिहायला बसलोही. पण भाभी डावखुऱ्या होत्या, त्यांचा टाका उलट्या अंगानं तिरपा जायचा. तुझ्या बोटांना ते कळणार नाही तर कुणाला? मकबूल, तुझं डोकं ठिकाणावर आहे. अंगावर आहे ती भाभींची नाही. भाभींची येणार नाही, वाट बघू नकोस. तुझ्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही, हे सगळं आफिफालाच वाचावं लागणार. बेटा आफिफा, इथवर मनातल्या मनात वाचत आली असशील, तर आता पहिल्यापासून मोठ्यानं वाच.

तुझाच, थंडीत तुझ्याइतकाच कुडकुडणारा,
शिवशंकर