फुलपाखरांच्या बागेत

सोलापूर

ती. बिरुदादास,

रुपालीचा नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. आईचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

रविवारी आम्ही आरोहीला घेऊन इथली नवी बाग बघायला गेलो होतो. गुलाबांची बाग वेगळी, निवडुंगांची वेगळी, फुलपाखरांची वेगळी. निवडुंग बघून आरोही म्हणाली, "हे तर मामाच्या बांधावरचंच की!" लई हसलो.

मग ती फुलपाखरांमागं पळाली. आम्ही पोचलो तर एक अनोळखी माणूस तिच्या केसांत गुलाब खोवत होता. यांना बघून म्हणाला, "आरोही दुसरीत हाय न्हवं? साक्ष द्यायला जाताना तिलाबी कोर्टात न्या की." आणि निवांत चालत गेला. यांनी तो गुलाब काढून फेकला आणि आरोहीला कडेवर घेऊन थेट घर गाठलं.

वाळूच्या टिपरनं माणूस चिरडला ते यांनी पाहिलंय, तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "नका देऊ साक्ष." तर म्हणाले, "त्याच्या बायकोला शब्द दिलाय मी."

पोलिसांना सांगितलंय. तरी कालपासून बागेतला तोच माणूस आमच्या घरासमोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला असतो.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आईच उचलते.

काळजी करू नकोस. पुढच्या शनिवारी आरोहीला तुझ्याकडं आणून सोडते. साक्ष होईस्तोवर ती तिथंच राहील. आईला म्हण, सुट्टीला आलीय. आणि दादा, तिला एकटीला अंगणातसुद्धा सोडू नकोस.

तुझी,
रुपाली