सुनेची दोन नावं

२ डिसेंबर, मंगळवार
नात झाली. दुपारी सव्वादोनले. कान निलेशचे. नाक बसकं आहे, पण मालीश केलं का उठते नाक. निलेश म्हणे, आई, त्या नाकाले हात लावू नको. मी लावलाच. सूनबाई राधिका दमली होती, तरी हसली. ही वही तिनंच देल्ली दिवाळीत. म्हणली, "आई, तुम्ही दिवसभर बोलता, थोडं लिहून काढा, माझ्या कानाले आराम." चौथी शिकलेल्या बाईले वही.
यवतमाळचा दवाखाना, आमच्या नेरच्या बाजाराएवढी गर्दी. भरती करतानी तिच्या मनगटाले पट्टी बांधली, काळ्या रेघा आहेत तिच्यावर, साबणाच्या कागदावर राहते तशा. सिस्टर औषध घेऊन आली का आधी पट्टीवर मशीन धरते, मंग औषधावर. टुक वाजून हिरवं झालं तर द्यायचं. लाल झालं तर थांबायचं. हिचं औषध तिले जात नाही. मले लय पटलं. आमच्या वक्ती शेजारच्या खाटेची गोळी आपल्याले दिली तरी कोण पाहे.

३ डिसें., बुध.
सकाळी राधिकाचं अंग तापलं. सिस्टर आली, चोविसेक वर्षाची पोरगी, नातीले "काय गं ठमाकाकू" म्हणते. इंजेक्शन आणलं. पट्टीवर मशीन धरलं, टुक, हिरवं. टोचलं. मी टोपडं बांधून राह्यली होती. मागून आवाज आला, "आई, गळा..." एवढाच. वळून पाह्यलं तर ओठ सुजलेले, तोंड काळंनिळं. सारे पळत आले, मले बाहेर काढलं.
आता तोंडात नळी आहे. श्वास मशीन घेऊन राह्यली तिचा.
नात माझ्या मांडीवर. दुसऱ्या एका बाळंतिणीनं दूध देल्लं, वाटी-चमच्यानं पाजलं. झोपेत हसते. मले पण हसू येते तिच्याकडं पाहून. येऊ नये, पण येते.

४ डिसें., गुरु.
व्याही आले फुलसावंगीहून. त्यांची बायको गेल्या साली वारली, म्हणून तर पहिलं बाळंतपण असून आमच्याकडं. काचेतून लेकीले पाहत उभे राह्यले लय वेळ. मंग डॉक्टरले म्हणले, "साहेब, सपनाले ह्या इंजेक्शनाचा त्रास आहे. कॉलेजात होती तव्हा डेंगू झालता, इथंच होती भरती. तुमच्याच लोकायनं कम्प्युटरात लिहून ठेवलं होतं."
डॉक्टर म्हणले, कोण सपना?
सपना म्हणजे राधिकाच. लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, निलेशनं अंगठीनं लिहिलं. नाव मी निवडलं होतं. माझं नाव माझ्या सासूनं बदललं, तिचं तिच्या सासूनं. माझं माहेरचं नाव आता मलेच कोणी हाक मारली तर ओळखू येणार नाही.
डॉक्टरनं कम्प्युटरात सपना टाकलं. माझ्यासमोर. लाल झालं.
सिस्टर भिंतीले टेकून खालीच बसली.

५ डिसें., शुक्र.
लिहू का नको. लिहिते.
मंगळवारी भरतीच्या खिडकीवर मीच होती. निलेश गाडी लावाले गेलता. राधिका कळा देऊन राह्यली होती, तिले बोलणं सुधरत नव्हतं. खिडकीतला माणूस म्हणला, "आजी, आधार कार्ड द्या. जुनं काही असलं तर त्याच्यावरून निघते." कार्ड माझ्या पिशवीत होतं. पण त्याच्यावर सपना, अन् पुढं तिच्या बापाचं नाव. मले वाटलं, नातीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव तेच चढन. लग्न झालं तेव्हापासून निलेशले म्हणून राह्यली, कार्ड बदलून आण. मी म्हणली, कार्ड घरी राह्यलं. तो म्हणला, बरं, उद्या आणा, नाव सांगा. आधी कधी इथं आलत्या का? नाही, म्हणलं. कोणत्या औषधाचा त्रास? नाही.
डेंगूचं मले कुठं माहीत. माहीत असतं तर
मशीन खोटं नव्हतं बोललं. त्याले राधिकाच सांगतली होती मी.
निलेशनं सिस्टरच्या नावानं अर्ज देल्ला. "तोंड नाही का तिले, इचारता येत नव्हतं? सोडत नाही तिले." मी त्याच्यासाठी चहा आणला. बस, चहा आणला.

६ डिसें., शनि.
आज पाचवी. घरी असती तर सटवाई पूजली असती. इथं खाटेच्या पायाजवळ हळदकुंकू वाह्यलं, झाडूवालीनं पुसून टाकलं.
दुपारी चौकशीच्या मॅडम आल्या. व्याही, निलेश, सिस्टर, अन् मांडीवर नात घेऊन मी.
"सिस्टर, तोंडी विचारलं होतं?"
"नाही मॅडम. मशीन हिरवं झालं."
निलेश म्हणला, "ऐका आता."
मॅडमनं कागद पलटवला. "भरतीत आधार नंबर का नाही?"
सिस्टरच्या हाताकडं पाह्यलं मी, बोटं मोडून राह्यली होती. मंग म्हणली, कार्ड होतं. माझ्याजवळ होतं. मीच देल्लं नाही, अन् का नाही तेही सांगतलं.
मॅडमनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. मी सही केली. सिस्टर रडू लागली, माझ्याकडं पाह्यलं नाही.
व्याही म्हणले, "नावासाठी, इहीणबाई?"
निलेश उठला. माझ्या मांडीवरून लेकरू उचललं, मान सांभाळून, अन् सासऱ्याजवळ देल्लं.
आता बाहेरच्या बाकावर बसली आहे. उद्या सकाळी नळी काढून पाहतो म्हणते डॉक्टर, आपल्या मनानं श्वास घेते का ते. आत नात रडून राह्यली. भुकेचं रडणं आहे, मले इथून समजते. मी बसूनच आहे. कोणी आवाज देल्ला तर जाईन.