डाव्या हाताचं काम काढून टाकलं

प्रिय पंचफुले,

आपल्या जुन्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग बसवलं, आणि आपोआप बदलणारा गिअरबॉक्सही. खरा खर्च तुला सांगतो, दीपाला सांगितला तो थापेचा. राळेगावचे लागोपाठचे बाजार बुडाले. मधल्या खोलीतला कूलर खेमसिंग मिस्त्रीच्या घरी गेला. जिच्या कॅरिअरवर दोरांचं बंडल बांधून मी धंद्याला लागलो, ती सायकलही गेली. आणि माझा एक शब्द गेला. तोच सगळ्यात महाग पडला.

एवढं कशासाठी, तर तू पुन्हा त्या सीटवर बसावंस म्हणून. ऑपरेशननंतर तुझा डावा हात सुजतो, त्याला जोर द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बाजूलाच होतो. घरी आल्यावर चावी काढून माझ्या खिशात टाकलीस आणि नागपूरला दीपाकडे जायची पिशवी भरायला घेतलीस. मी तेव्हाच ठरवलं, की डाव्या हाताला त्या गाडीत कामच ठेवायचं नाही.

खेमसिंग आधी तयार नव्हता. पांढरकवड्याच्या हायवेवर त्याच्या गॅरेजात मी रोज जाऊन बसायचो, चहा मीच मागवायचो. तो म्हणे, काका, ही गाडी तुमच्या लग्नाहून जुनी, हिला आता कायले नटवता, काकूंसाठी एखादी नवी छोटी गाडी पाहा. मी म्हटलं, नवीत ती बसणार नाही, तू तिला ओळखत नाहीस. शेवटी त्यानं ठोकर खाल्लेल्या एका मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स भंगारातून आणला. तो आपल्या इंजिनाला जुळेना, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट लेथवर कातून घेतली. स्टिअरिंगचा पंप पट्ट्यावर चालतो. पहिल्या दिवशी तो बारीक सुरात रडत होता. सगळे तेल तपासत बसले, मी ओट्यावरून सांगितलं की पट्टा ढिला आहे. पट्टा ताणला आणि रडणं थांबलं. आता स्टिअरिंग एका बोटावर फिरतं. मी गॅरेजात सगळ्यांसमोर छाती काढून म्हटलं, ही गाडी आता माझ्यासारखा अधू डोळ्यांचा माणूसही चालवेल. पासिंगच्या कागदांचं मी पाहतो, ते तू डोक्यात घेऊ नको.

तुला आठवतं का, डोळ्यांच्या तपासणीत मला लायसन नाकारलं तेव्हा मी घरी येऊन जेवलो नव्हतो. तू म्हणाली होतीस, मग मी शिकते. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या आवारात तू शिकलीस. रस्ता तू पाहायचीस, इंजिन मी ऐकायचो. आवाज भरला की मी 'टाक' म्हणायचो आणि तू गिअर टाकायचीस. लोक हसायचे, एक गाडी चालवायला दोघं लागतात म्हणायचे. पण विळे-खुरपी, दोर-दावी भरून आपण दोघांनीच जिल्ह्याचे बाजार केले, घर बांधलं, दीपाला शिकवलं. एकदा भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवत नाही. मी तोंड मिटून बसलो, आणि तूही हट्टानं राळेगावपासून घरापर्यंत तिसऱ्याच गिअरमध्ये गाडी आणलीस. इंजिन वाटभर विव्हळत होतं, पण दोघांपैकी कोणी मागं हटलं नाही. दारात उतरताना तूच आधी हसलीस.

परवा खेमसिंगनं गाडी हायवेला काढली. मी बाजूला. आवाज भरला आणि माझ्या तोंडून निघालं, टाक. खेमसिंगला हसू आवरेना. काका, आता टाकायला काही नाही, गाडीच टाकते. मीही हसलो. मग खिडकीतून बाहेर पाहत बसलो. तुझा डावा हात मोकळा करताना माझंही काम त्याच्याबरोबर निघून गेलं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. जाऊ दे. तू बसणार असशील तर मी जन्मभर गप्प बसतो.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. फोन केला की तू 'हं, हं' करून दीपाला देतेस. गेल्या रविवारी दीपा मला सांगत होती, आई बरी आहे, जेवते. तिच्या आवाजामागून तुझा आवाज आला. तू तिला म्हणत होतीस, "कायले जगवून राह्यली मले? हात गेला, गाडी गेली. सोमवारची सलाइन मी घेत नाही, सांगून दे डॉक्टरले." दीपानं घाईनं फोन ठेवला. तिला वाटतं मी ऐकलं नाही.

पंचफुले, तुझ्या दुखण्यापुढं माझं काही चालत नाही. गाडीवर चालतं, म्हणून गाडी उघडली. अजून काही बदलायचं असेल तर सांग, सीट बदलतो, दार बदलतो, लागलं तर इंजिन उतरवतो. पण केमोच्या त्या राहिलेल्या सलाइनी घे. पुढच्या सोमवारी दीपाबरोबर दवाखान्यात जा. माझ्यासाठी नको जाऊस, रागावली असशील तर रागातच जा, पण जा. हे सांगायलाच भिंग लावून, मोठ्या अक्षरात हा कागद लिहिला. गाडी तुझी आहे, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. काल मी अंगणात चालवून पाहिली. पाण्याचा हौद फुटला.

वाट पाहणारा, तुझाच
डोमाजी