पर्समध्ये राहिलेला रिपोर्ट

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज लॅबमध्ये एक गृहस्थ खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "ताई, डायबेटिस आहे. लघवीला फेस येतो हल्ली." मी त्यांना बसवून सगळं समजावलं, आजच डॉक्टरांकडे जा म्हटलं. तुम्हाला हे कधीच सांगितलं नाही.

माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लालबागच्या आपल्या खोलीत आई रुखवताचं मांडत होती, आणि तुम्ही मला दाराबाहेर बोलावून सांगितलंत, "बाये, लघवीक फेस येता गो. साबणासारो." दुसऱ्या दिवशी भोईवाड्याच्या माझ्या लॅबमध्ये तुम्ही रुमालात गुंडाळून बाटली आणलीत. तपासणी मीच केली. प्रथिनं जात होती. तुमचा डायबेटिस जुना; शिकलेलं सगळं आठवलं. मूत्रपिंडात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुंते असतात, ते रक्त गाळतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती जाड होतात, आणि तरीही गळू लागतात. रक्तात राहायला हवं ते निसटून जातं. मग एकेक गुंता वाळतो, त्याचा व्रण होतो. तो पुन्हा भरून येत नाही. पण याच टप्प्यावर साखर आणि ब्लडप्रेशर आवरलं तर पुष्कळ काळ थोपवता येतं, हेही मला ठाऊक होतं.

मी रिपोर्ट पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी म्हटलं, "काही नाही, साखर जरा वाढलीय. गोड कमी करा."

"तुझ्या लग्नातलो लाडू तरी खावंक दी," तुम्ही हसलात.

लग्न झाल्यावर सांगणार होते. मग गणपती आले, दिवाळी गेली. नंतर सांगायचं तर इतके दिवस का लपवलं, तेही सांगावं लागणार होतं. वरळीच्या सासरहून मी दर रविवारी यायची आणि तुमच्या पायांकडे बघायची. दोन वर्षांनी ते सुजले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं जेमतेम काम करतायत. तुम्ही मिलच्या साचेखात्यात जन्मभर माग चालवलेला माणूस, शांतपणे म्हणालात, "म्हंजे कापड विरला." मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

डायलिसिससाठी तुमच्या मनगटाजवळची शीर धमनीला जोडली, तेव्हा हाताखाली ती थरथरते याचं तुम्हाला केवढं कौतुक. आल्यागेल्याला दाखवायचात. मलाही म्हणालात, "हात लावन बघ, साचो चालता." मी हात ठेवला. खरंच चालत होता. चौदा महिने चालला.

त्या काळात तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की तुमच्या त्या बाटलीत काय निघालं होतं. विसरला होतात, की ओळखलं होतंत, मला कळलं नाही.

आई अजून शेजारणींना सांगते, "आमच्या मुलीने खूप केलं हो, पण कळलंच उशिरा." मी तिथेच बसलेली असते, आणि मान हलवते. तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं, म्हणून तुम्हाला लिहिलेला हा कागद मी घरी नेणार नाही.