अठ्ठाविसाव्या दिवसाचा ठोकळा आणि मंजूर शाखाबदल रद्द करण्याबाबत

दिनांक : १९, शुक्रवार
वेळ : सकाळी नऊ चाळीस (वेळ पुढे महत्त्वाची ठरणार आहे)

प्रति,
मा. उपकुलसचिव (प्रवेश व शाखाबदल),
विद्यापीठ कार्यालय, पहिला मजला,
खिडकी क्रमांक चारमार्फत.

अर्जदाराचा वर्ग : अभियांत्रिकी, प्रथम वर्ष
शाखा : तोच तर प्रश्न आहे

विषय : मागितलेला शाखाबदल दिल्याबद्दल आभार मानणे व तो आजच्या आज रद्द करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सिव्हिलमधून कॉम्प्युटरला जाण्याबाबतचा अर्जदाराचाच अर्ज.
२) तो मंजूर झाल्याचे आपले कालचे पत्र.
३) काँक्रीटचे ठोकळे : क्रमांक १७ (अर्जदाराचा) व १८ (तिच्या वडिलांचा).

महोदय,

अर्जदार आपल्या कार्यालयाची ऋणीही आहे आणि हवालदिलही, आणि दोन्हींचे कारण आपले एकच पत्र आहे. (अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, अशी पाटी खिडकीवर लावलेली आहे. त्यामुळे अर्जदार स्वतःकडे शेजारच्या घरातल्या मुलीकडे पाहावे तसे पाहून हे लिहीत आहे. कुठे जास्त मोकळेपणा आढळल्यास तो त्या पाटीचा दोष समजावा.)

१. अर्जदाराचे वडील तीस वर्षे गवंडीकाम करतात. भिंत सरळ उभी आहे की नाही हे ते ओळंब्याची दोरी न सोडता, नुसता एक डोळा मिटून सांगतात, म्हणून कामावर सगळे त्यांना ओळंबा मिस्त्री म्हणतात. आपल्या मुलीने उन्हात उभे न राहता खुर्चीवर बसून काम करावे, एवढी एकच त्यांची इच्छा. प्रवेशाच्या वेळी कॉम्प्युटरची जागा अर्ध्या गुणाने हुकली आणि सिव्हिल पदरात पडले. वडील दोन दिवस अंधारातच कामावर निघून गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तीस वर्षं मी सिमेंट खाल्लं, ते काय पोरीच्या ताटात पुन्हा तेच वाढायला?" अर्जदाराने त्याच दिवशी शाखाबदलाचा अर्ज भरला. प्रतीक्षायादीत क्रमांक लागला अकरावा.

२. आता जे घडले ते अर्जदाराच्या हातचे नव्हते. यादीत थांबता थांबता तिला सिव्हिल आवडायला लागले. आधी थोडे, मग अतोनात. मोजणीच्या तासाला मैदान मापताना आपल्या कार्यालयाचा जिना एका अंगाला दोन बोटे झुकलेला आहे हे तिच्या लक्षात आले, आणि त्या दिवशी तिला आनंदाने जेवण गेले नाही. (जिन्याबाबत वेगळा अर्ज करीत आहे.) तेव्हापासून ती रोज खिडकीवर यादी पाहायला येई, ती आपला क्रमांक पुढे सरकला नाही ना, याची खात्री करून घ्यायला. पण क्रमांक सरकतच गेला. वरच्या दहांपैकी कोणी दुसऱ्या कॉलेजात गेले, कोणी इलेक्ट्रिकलला, आणि पहिल्या क्रमांकाचा सद्गृहस्थ अभियांत्रिकीच सोडून मधमाश्या पाळायला गेला. त्याचे भले होवो, पण अर्जदाराचे त्याने फार वाईट केले.

३. बरोबर चार आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी विभागाने पालकांना भेटीला बोलावले होते. अर्जदार त्या वेळी काँक्रीटचा ठोकळा करत होती. असा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्याच्या हौदात ठेवतात आणि मग यंत्रात दाबून तो किती वजनाला फुटतो ते पाहतात. अर्जदाराने सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी पुस्तकाप्रमाणे ग्रॅमपर्यंत तोलून घेतले होते. वडील मागे उभे राहून पाहत होते. "स्वयंपाक चाललाय की औषध?" त्यांनी विचारले. अर्जदाराला ते लागले. तिने तिथल्या तिथे सांगून टाकले की तिला सिव्हिलच शिकायचे आहे. वडिलांनी बाह्या सरसावल्या, त्याच ढिगातली वाळू आणि त्याच गोणीतले सिमेंट घेऊन, तराजूकडे न बघता, स्वतःचा ठोकळा केला. मग पैज लागली. ज्याचा ठोकळा आधी फुटेल त्याने दुसऱ्याचे ऐकायचे. अर्जदार जिंकली तर वडील तिला सिव्हिलला राहू देतील, वडील जिंकले तर ती मुकाट्याने कॉम्प्युटरला जाईल. प्रयोगशाळा सहायकांनी (ज्यांना सगळा विभाग काका म्हणतो) साक्षीदार म्हणून सही केली. तो पैजेचा कागद सोबत जोडला आहे.

४. निकालाबद्दल अर्जदाराला तिळमात्र शंका नाही, आणि हे उर्मटपणाने नव्हे तर नोंदवहीच्या आधारे लिहीत आहे. वडिलांनी नळाजवळच्या ढिगातली मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडून बघितली आणि तयार ठेवलेल्या पाण्यातला एक भरलेला मग परत बादलीत ओतून टाकला. ही गंभीर चूक आहे. नोंदवहीत त्या दिवशीच लिहून ठेवले होते : "वडिलांनी पाणी कमी घातले. कारण माहीत नाही. बहुधा सवय."

५. कालच्या पत्राने मात्र सगळा घोटाळा केला. दुपारी चार वाजता सिव्हिलच्या हजेरीपटावरून अर्जदाराचे नाव खोडले गेले आणि एप्रन जमा करून घेतला. कॉम्प्युटरच्या हजेरीपटावर ते अजून चढलेले नाही. तिथल्या मॅडमनी "तू कोण?" असे विचारले तेव्हा अर्जदाराने आपलेच पत्र पुढे केले. तिथे चाकांची खुर्ची आहे आणि खोली गार आहे. अर्जदार त्या खुर्चीवर बसून एकदा दारापर्यंत जाऊन आली. खुर्चीविषयी काहीही तक्रार नाही. पण हौदात तिचा ठोकळा पडून आहे आणि प्रयोगशाळेच्या दारावर "अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना मज्जाव" असे लिहिले आहे. उद्या जाऊन उपयोग नाही, कारण अठ्ठाविसाव्या दिवसाचा ठोकळा एकोणतिसाव्या दिवशी फोडला तर पैज मोडते.

६. यातून काकांनीच वाट काढली. शुक्रवारी बाहेरच्या बांधकामांवरचे ठोकळेही तिथे तपासतात, आणि त्यासाठी "गवंडी व सोबत एक मदतनीस" यांना आत सोडतात. सबब आज अकरा वाजता अर्जदार आपल्याच प्रयोगशाळेत ओळंबा मिस्त्रींच्या हाताखालची बिगारी म्हणून जाणार आहे. घमेले घरून आणले आहे.

७. शाखाबदल रद्द करण्याची मुदत आज पाच वाजेपर्यंतच आहे आणि त्यासाठी पालकाची सही लागते. अर्जदार जिंकताच ती सही होईल. तरी हा अर्ज आताच दाखल करून घेऊन सहीची जागा कोरी ठेवावी, ही विनंती.

ता. क. (वेळ : दुपारी पावणेचार, सहीसाठी अर्ज परत मागून घेऊन, खिडकी क्रमांक चारसमोर उभे राहून)

अर्जदार हरली.

बाहेरच्या ठोकळ्यांची रांग संपून पाळी यायला तीन वाजले. तिचा ठोकळा यंत्रात आधी ठेवला. काटा चढत गेला आणि सत्तेचाळीस टनांना ठोकळ्याने आवाज केला. पास व्हायला पंचेचाळीस लागतात, म्हणजे जेमतेम काठावर. मग वडिलांचा ठेवला. काटा सत्तेचाळीसच्या पुढे गेला, पन्नासच्या पुढे गेला, पंचावन्नला काकांनी चष्मा वर केला. एकसष्टला तो फुटला. अर्जदाराला रडू आले, आणि घमेले हातात असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

वडील जिंकल्यासारखे वागले नाहीत, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी दोन्ही ठोकळ्यांचे तुकडे उचलले, अंगठ्याने घासून पाहिले आणि विचारले, "तुझं तर सगळं तोलून मापून होतं. मग असं का?"

अर्जदाराने नोंदवही उघडली. मग एका वाक्यावर तिचे बोट थांबले. "बाबा, वाळू ओली होती," ती म्हणाली. "नळाखालची. तिच्यात पाणी आधीच होतं. मी ती कोरडी धरली आणि वरून पुस्तकातलं सगळं पाणी ओतलं. तुम्ही मूठ दाबून पाहिलीत आणि एक मग पाणी काढून टाकलंत."

"ते हाताला कळतं," वडील म्हणाले. मग त्यांनी हातातला तुकडा उलटा करून पाहिला. "तीस वर्षं हाताखालच्या माणसांवर ओरडतोय, वाळू बघून पाणी घाला म्हणून. बघायचं म्हणजे नेमकं काय, ते मला सांगता येत नाही. कितीजणांना त्यावरून कामावरून काढलं असेल. हे मोजता येतं?"

"येतं. वाळू तोलायची, तापवून कोरडी करायची, पुन्हा तोलायची. पण त्यावरून पाणी किती कमी करायचं, तो धडा पुढच्या सत्रात आहे."

"कुठल्या पुढच्या सत्रात?"

"सिव्हिलच्या."

वडिलांनी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "कुठं सही करायची ते दाखव. शिकून ये आणि मला सांग."

महोदय, इथे 'मी' लिहिण्याचा फार मोह होत आहे, पण पाटी समोरच आहे. अर्जदार जिना (झुकलेल्या बाजूने) तीन तीन पायऱ्या ओलांडत वर आली. वडील मागून धापा टाकत आले. आल्यावर दोन अडचणी निघाल्या.

पहिली, पेन्सिलची सही चालत नाही. ती शाईने गिरवण्यासाठी रांगेतल्या मागच्या मुलीने पेन दिले. ती प्रतीक्षायादीत बाराव्या क्रमांकावर आहे. अर्जदाराने जागा सोडली तर कॉम्प्युटरची ती जागा तिलाच मिळेल, हे कळल्यावर तिने पेन तर दिलेच, वडिलांना पाणीही आणून दिले, आणि आता ती अर्जदाराच्या खांद्यावरून हा अर्ज वाचत "लवकर, लवकर" म्हणत आहे.

दुसरी अडचण गंभीर आहे. पैजेचा कागद अर्जदाराने सकाळी मोठ्या ऐटीत सोबत जोडला होता. त्यावर आपल्या कार्यालयाचा शिक्का पडला असल्याने तो आता परत मिळत नाही. म्हणजे अर्जदाराने हरल्यास कॉम्प्युटरला जावे, हे तिच्याच सहीनिशी आपल्या दप्तरी दाखल आहे, आणि ती साडेतेरा टनांनी हरलेली आहे. नव्हे, चौदा टनांनी. घाईत वजाबाकीही चुकते आहे. तेव्हा नम्र विनंती की सदर कागद वाचू नये. वाचल्यास त्यावर वडिलांनी आत्ताच खिडकीतून हात घालून मारलेली आडवी रेघ आधी वाचावी. ती दोरी न लावता मारलेली असून तंतोतंत सरळ आहे.

सत्तेचाळीस टनांची चूक अर्जदाराला सापडली आहे. ती दुरुस्त करायला तिला चार वर्षे द्यावीत, एवढेच मागणे आहे. पाचला अजून तासभर आहे. अर्जदार खिडकीसमोरच उभी आहे.

आपली नम्र, आणि परवानगी मिळाल्यास सिव्हिलची,
(सही)
ओळंबा मिस्त्रींची मुलगी

सोबत :
१. आपले कालचे मंजुरीपत्र (आभारासह परत).
२. पैजेचा कागद (कृपया वाचू नये).
३. नोंदवहीचे पान, "बहुधा सवय" हे शब्द खोडून.
४. दोन्ही ठोकळ्यांचा एकेक तुकडा. जड आहेत, दोन्ही हातांनी उचलावेत. पाहून झाल्यावर वडिलांना परत हवे आहेत.

पालकाचा शेरा :
अर्ज वाचून घेतला. जरा लांबलाय, पण ओळंब्यात आहे. पैज मी जिंकलोय, म्हणून माझंच ऐकावं. पोरीला सिव्हिलला ठेवा. ती चाकाची खुर्ची या बारा नंबरच्या मुलीला द्या. आमची उभी राहील.